सहा पेन्सची वर्गणी आणि पाळी सुटल्यावरचे मैदान

गेल्या अंकात वस्त्यावस्त्यांतील क्रीडामंडळांविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर सांगली, मिरज, कुपवाड आणि माधवनगर या भागांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा विषय फुटबॉलच निघाला. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानला आणि विजय हजारे यांच्या जन्मगावाला, म्हणजे सांगलीला, कुस्ती आणि क्रिकेट यांचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. परंतु कामगारांच्या चाळींतून इतक्या आपुलकीने फुटबॉलची आठवण निघावी, याचे मला मनापासून समाधान वाटले. सहा पत्रे निवडून त्यांना उत्तरे देत आहे. शेवटच्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील काम वेळेवर झाले नाही, तर नंतर कोणालाच करता येणार नाही.

प्रश्न : मी माधवनगरचा निवृत्त गिरणी कामगार आहे. आमच्या चाळीतील मुलांचा फुटबॉलचा संघ साचेखात्यातील, म्हणजे मागांवरच्या मंडळींच्या वर्गणीवर उभा राहिला होता. माझा नातू टीव्हीवर इंग्लंडमधील सामने पाहतो आणि म्हणतो, "आबा, ते मोठे क्लबसुद्धा तुमच्यासारख्या कामगारांनीच काढले." तो मला बरे वाटावे म्हणून हे म्हणतो, की त्यात तथ्य आहे?

आपल्या नातवाचे म्हणणे खरे आहे, आणि आपण वर्गणीचा उल्लेख केला आहे म्हणून आर्सेनलपासून सुरुवात करतो. लंडनच्या वूलिच भागात रॉयल आर्सेनल नावाचा तोफा आणि दारूगोळा तयार करणारा प्रचंड सरकारी कारखाना होता. त्यातील डायल स्क्वेअर या कार्यशाळेतील कामगारांनी १८८६ साली संघ उभा केला. पंधरा जणांनी प्रत्येकी सहा पेन्स दिले, डेव्हिड डॅन्स्किन या स्कॉटिश कामगाराने पदरचे तीन शिलिंग घातले आणि त्या पैशांतून चेंडू आणला, अशी त्याच्या जन्माची कथा सांगितली जाते. त्या वर्षी ११ डिसेंबरला झालेला पहिला सामना त्यांनी सहा गोलांनी जिंकला. क्लबच्या चिन्हावरील तोफ ही त्या कारखान्याची खूण आहे आणि आज जगभरातील मुले तिचा अर्थ ठाऊक नसतानाही ती छातीवर मिरवतात.

मँचेस्टर युनायटेडचा उगम तर मिरजेच्या रेल्वे वसाहतीतील वाचकांना अगदी ओळखीचा वाटेल. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचे डबे आणि मालाच्या वाघिणी बांधून दुरुस्त करणारे एक खाते मँचेस्टरजवळ न्यूटन हीथ येथे होते. त्या खात्यातील कामगारांनी १८७८ साली न्यूटन हीथ या नावाने हा संघ स्थापन केला. त्यांचा पहिला पोशाख हिरवा आणि पिवळा होता, लाल रंग पुढे आला. १९०२ साली क्लब कर्जात बुडाला, न्यायालयात त्याच्या विसर्जनाचा आदेश झाला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस या मद्यव्यावसायिकाने इतरांसह पैसा घातला आणि नाव बदलून मँचेस्टर युनायटेड करण्यात आले. वेस्ट हॅम युनायटेडचे मूळ टेम्स नदीकाठच्या टेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणीच्या कारखान्यात आहे. तेथे १८९५ साली संघ निघाला आणि १९०० साली त्याचे आजचे नाव पडले. त्याच्या चिन्हातील एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे हे जहाजाच्या पत्र्यांना रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांचे आहेत. कारखाना १९१२ साली बंद पडला, तरी त्या क्लबचे पाठीराखे अद्याप आपल्या संघाला 'आयर्न्स' म्हणूनच हाका मारतात.

येथे एक गोष्ट आपल्यासारख्या अनुभवी माणसापुढे स्पष्टपणे मांडावीशी वाटते. कामगारांचा क्लब म्हटला की तो नेहमी कामगारांनीच चालवला असे नसते. टेम्स आयर्नवर्क्सचे मालक आर्नल्ड हिल्स यांनी आपल्या कारखान्यातील संपांनंतर मालक आणि कामगार यांच्यात सलोखा वाढावा, या हेतूने क्लबला उत्तेजन दिले होते आणि खेळाडूंनी पैशासाठी खेळू नये असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही, पण पैसा आणि मैदान मालकाचे असले की क्लबची मुळे मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहतात, हेही तितकेच खरे. आर्सेनलचे काय झाले ते पाहा. पैशाची ओढाताण झाली तेव्हा नव्या चालकांनी १९१३ साली तो वूलिचमधून उचलून थेट उत्तर लंडनमधील हायबरी येथे नेला. ज्या कामगारांच्या सहा पेन्सांतून तो उभा राहिला, त्यांच्या दारातून मैदान निघून गेले आणि नाव तेवढे राहिले.

तेव्हा आपल्या साचेखात्याच्या संघाविषयी नातवाला सांगताना चेंडूचे पैसे कोणी दिले आणि खेळायची जागा कोणाची होती, या दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात.

प्रश्न : इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीन वाजताच का होत असत? आमच्या मिरजेच्या रेल्वे वसाहतीत तर सामना म्हटला की तो रविवारीच असे.

याचे उत्तर खेळात सापडत नाही, ते कारखान्याच्या कायद्यात सापडते. इंग्लंडमध्ये १८५० सालच्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवणे बंधनकारक झाले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्यामुळे पुरुषांनाही अर्धी सुट्टी मिळू लागली आणि ही प्रथा हळूहळू इतर उद्योगांत पसरली. दोन वाजता भोंगा झाल्यावर घरी जाऊन, चार घास खाऊन, मैदानावर पोहोचायला तीन वाजत. रविवार त्यांच्याकडे देवाचा दिवस मानला जाई आणि त्या दिवशी जाहीर खेळ निषिद्ध समजला जाई, म्हणून शनिवारची दुपार हीच कामगाराची खेळण्याची आणि खेळ पाहण्याची वेळ ठरली.

आपल्याकडील रविवारही कोणी आयता दिलेला नाही. मुंबईतील गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली, कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तिकडे शनिवार आणि इकडे रविवार, हा फरक त्या दोन निराळ्या लढ्यांतून आला आहे. मिरजेत तर गाड्यांना रविवार नसल्यामुळे ज्यांची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या वारी येई, अशा खलाशांना आणि फायरमनांना संघात कसे घेत असत, हे आपल्या वसाहतीतील जुन्या माणसांना अवश्य विचारावे.

प्रश्न : कामगारांच्या संघाने श्रीमंतांच्या संघाला हरवून मोठा चषक जिंकल्याचे पहिले उदाहरण कोणते?

३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर ब्लॅकबर्न ऑलिंपिकने एफए, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या, चषकाच्या अंतिम सामन्यात ओल्ड एटोनियन्स या ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला २-१ असे हरवले. इंग्लंडमधील या खेळाची ही संघटना १८६३ साली स्थापन झाली होती आणि चषक १८७१-७२ च्या हंगामापासून सुरू होता. तोपर्यंत तो खानदानी शाळांतून शिकलेल्या साहेबलोकांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या संघांकडेच राहिला होता. एटोनियन्स तर आदल्या वर्षीचे विजेते होते. ऑलिंपिकच्या संघात विणकर होते, सूतगिरणीतील कामगार होते, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यातील माणूस होता, नळकाम करणाराही होता. जादा वेळेत विजयी गोल करणारा जिमी कॉस्टली हा सूतगिरणीत काम करीत असे.

सामन्यापूर्वी हे खेळाडू काही दिवस ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी सरावासाठी गेले होते आणि तो खर्च सिडनी येट्स या ओतकामाच्या कारखान्याच्या मालकाने सोसला होता. त्यावरून लंडनच्या वर्तमानपत्रांतून बरीच नाके मुरडली गेली. पण रोजंदारीवरचा माणूस सरावासाठी खाडा करतो तेव्हा त्याची मजुरी बुडते. ती भरून देणे म्हणजे खेळ भ्रष्ट करणे, असे म्हणणे ज्याच्या घरी चूल न कमावता पेटते त्यालाच परवडते. अखेर १८८५ साली खेळाडूंना पैसे देण्यास मान्यता मिळाली. दुःखाची गोष्ट अशी की खेळाडूंना वेतन देण्याची ऐपत ज्या क्लबांकडे होती तेच टिकले. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्यात त्याच गावचा ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला गेला, ऑलिंपिक बाहेर राहिला आणि पुढच्याच वर्षी तो बंद पडला.

प्रश्न : कोल्हापुरातील फुटबॉल संघांच्या नावांत 'तालीम' हा शब्द कसा?

कोल्हापूरच्या पेठांत तरुणांनी एकत्र जमण्याची जागा म्हणजे तालीम. तेथेच लाल मातीतली मेहनत, तेथेच गणपती आणि तेथेच पेठेचे तंटे मिटवणे. फुटबॉल आला तेव्हा त्याने वेगळे घर न मागता त्याच छपराखाली जागा धरली, म्हणून पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी नावे आजही मैदानावर पुकारली जातात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून या खेळाची व्यवस्था पाहते आणि शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी जी गर्दी लोटते ती डोळ्यांनी पाहण्यासारखी असते. याच शहरातील अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

प्रश्न : मी कुपवाड औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. आम्ही सात-आठ जणी संध्याकाळी पाळी सुटल्यावर फुटबॉल खेळतो. "बायकांना हे कधीपासून सुचले?" असे टोमणे ऐकावे लागतात. कामगार स्त्रियांच्या फुटबॉलला काही इतिहास आहे काय?

आहे, आणि तो टोमणे मारणाऱ्यांना सविस्तर ऐकवण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेस्टन गावच्या डिक, कर अँड कंपनी या कारखान्यात स्त्रिया दारूगोळा तयार करीत असत. जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत त्या कारखान्याच्या आवारात पुरुषांबरोबर चेंडू खेळू लागल्या आणि त्यातून १९१७ साली डिक, कर लेडीज हा संघ तयार झाला. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी त्यांचा सामना पाहायला दहा हजार लोक आले आणि जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला देण्यात आला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांच्या सामन्याला ५३ हजार प्रेक्षक होते आणि कित्येक हजारांना बाहेरून परत जावे लागले.

या लोकप्रियतेनंतर एका वर्षाच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांना त्यांची मैदाने स्त्रियांना देण्यास मनाई केली. ही मनाई सुमारे पन्नास वर्षांनी उठली. संघ मात्र मिळेल त्या मोकळ्या जागी १९६५ पर्यंत खेळत राहिला. त्यातील लिली पार ही मुलगी चौदा-पंधराव्या वर्षी संघात आली आणि तिच्या डाव्या पायाच्या फटक्याची ख्याती पुरुष खेळाडूंतही होती. २००२ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या मानकऱ्यांत तिची निवड झाली, तेव्हा तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तेव्हा ताई, हे स्त्रियांना शंभर वर्षांपूर्वीच सुचले होते. त्यांना खेळता येत नव्हते म्हणून त्या दिसेनाशा झाल्या नाहीत, त्यांची मैदाने काढून घेतली गेली. आपण जेथे खेळता त्या जागेची लेखी परवानगी आजच घेऊन ठेवावी, असे मी आपल्याला कळकळीने सुचवतो.

प्रश्न : आमचे मंडळ सांगलीत कृष्णाकाठच्या वस्तीत आहे. हमाल, यंत्रमाग कामगार आणि हातगाडीवाले यांच्या मुलांनी ते काढले. २०१९ च्या महापुरात मंडळाचे कपाट पाण्याखाली गेले. एक पावतीपुस्तक, एक चिकटलेली ठराववही, दोन ढाली आणि काही फोटो उरले आहेत. पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने स्मरणिका काढायची आहे. काही सभासद म्हणतात की चषकांची यादी आणि जाहिराती पुरेत. आपले मत काय?

आपण पत्रासोबत पाठवलेले पावतीपुस्तकाचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो. वरची पाने पुराच्या गाळाने तपकिरी झाली आहेत, सही आणि तारीख शाईने घातलेली असल्यामुळे ती पसरून निळा डाग तेवढा उरला आहे, पण खालच्या स्थळप्रतीवर कार्बनने उठलेली अक्षरे पाण्याला पुरून उरली आहेत. त्यात 'मासिक वर्गणी' या शब्दांपुढे 'रु. १' असे स्वच्छ वाचता येते आणि नावाच्या जागी अंगठ्याचा ठसा आहे. आपल्या दोन ढालींपेक्षा हे पान मला अधिक मोलाचे वाटते. ज्याला सही करता येत नव्हती त्या माणसाने दरमहा रुपया देऊन वस्तीतील मुलांचा खेळ चालू ठेवला, हा आपल्या मंडळाचा इतिहास आहे. माझे मत म्हणून सांगतो की चषकांची यादी शेवटच्या पानावर गेली तरी चालेल.

आता कामाचे सांगतो. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते आणि तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. एवढ्या पाण्यात भिजून वाळलेल्या वहीची पाने सुरीने किंवा नखाने सोडवू नयेत, कारण अक्षरे समोरच्या पानाला चिकटून निघतात. जी पाने आपोआप उलगडतात त्यांची दिवसाच्या उजेडात, सावलीत, सरळ वरून छायाचित्रे घ्यावीत आणि बाकीची वही तशीच ठेवून कोल्हापूर किंवा पुणे येथील पुराभिलेखागारात दाखवून सल्ला घ्यावा. वही उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा. पानांना बुरशी दिसली तर नाकातोंडाला फडके बांधून मोकळ्या हवेत मऊ ब्रशने झाडावी.

जे कपाटात बुडाले ते सगळेच नाहीसे झाले असे समजू नये. मंडळाची नोंदणी झालेली असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मूळ घटना, पहिल्या कार्यकारिणीची यादी आणि वेळोवेळी दिलेले बदल अर्ज असतात. तेथील विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीच्या, म्हणजे शेड्यूल वनच्या, उताऱ्याची नक्कल मागितली की विश्वस्त केव्हा बदलले ते कळते. मैदानाची जागा पूर्वीच्या नगरपालिकेची असेल तर तिचे ठराव १९९८ साली स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या दप्तरात शोधावेत आणि नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी. आपण वेगळ्या कागदावर लिहिले आहे की जुन्या मैदानाच्या निम्म्या भागावर आता गाळे उभे आहेत. मिळकत पत्रिकेवरील फेरफारांच्या तारखा हे प्रकरण कोणावरही आरोप न करता सांगून टाकतील. त्या तारखा स्मरणिकेत जशाच्या तशा छापाव्यात.

माणसांकडे मात्र लगेच जावे. जुन्या खेळाडूंना साल विचारले तर ते अडखळतात, कारण आपल्या लोकांची स्मृती आकड्यांवर चालत नाही. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, तुम्ही गोलात उभे राहत होता काय. बहात्तरच्या दुष्काळात सामने झाले काय. मिरजेला ब्रॉडगेज आली तेव्हा बाहेरगावी खेळायला कोणत्या गाडीने गेलात. २००५ च्या पुराआधी कार्यालय कोठे होते, असे विचारावे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत बोलणे सुरू झाले की सालांची जुळणी आपोआप होते.

किती गोल केले, हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवावा. आधी चेंडूविषयी विचारावे. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत कातडी चेंडू होता, त्याच्या आत रबरी ब्लॅडर असे आणि तोंड कातडी वादीने शिवलेले असे. ब्लॅडर फुटला की सायकलच्या दुकानात ट्यूबसारखे पंक्चर काढून घेत आणि शिवण उसवली की चौकातील गटई कामगार ती मेणाच्या दोऱ्याने घालून देई, बहुधा पैसे न घेता. पावसात तो चेंडू दगडासारखा जड होई आणि वादीची गाठ कपाळावर लागली की चार दिवस वळ राही. माझे वडील दुसऱ्या पाळीला असले की दुपारी कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास खेळून, त्याच अंगाने डबा घेऊन जात. असले तपशील कोणत्याही दप्तरात नसतात. बूट कोणाकडे होते आणि अनवाणी कोण खेळे, सामन्यासाठी खाडा केल्यावर मुकादम काय म्हणे, चहाचे पैसे कोण देई, मुलगा मैदानावर गेला की हातगाडी कोण ओढी, हे विचारावे. त्यांच्या पत्नींना आणि बहिणींनाही विचारावे, कारण पोशाख धुणारे, वाळवणारे आणि उसवलेले शिवणारे हात त्यांचे होते आणि कोणत्या वर्षी कोणता रंग होता हे त्यांना नेमके आठवते.

एकच गोष्ट दोन माणसे दोन तऱ्हांनी सांगतील. त्यातील एक खोडून टाकू नये, दोन्ही नावानिशी छापाव्यात. स्थापनेची तारीख कागदावर सापडत नसेल तर गणेशोत्सवाच्या सुमारास असे लिहावे, उगाच एखादा शुभ दिवस ठरवून टाकू नये.

पहिल्या पानावर काय असावे असे आपण विचारले आहे. पावतीपुस्तकात जेवढी नावे वाचता येतात तेवढी, प्रत्येकापुढे त्याने दिलेली रक्कम आणि त्याचा व्यवसाय, अशी ती पहिल्या पानावर यावीत. जेथे ठसा आहे आणि नाव धुऊन गेले आहे, तेथे ठशाचे छायाचित्र घालावे आणि स्थापनेच्या काळातील तीन-चार वृद्धांना एकत्र बसवून तो कोणाचा असावा हे विचारावे. ही बैठक मे महिन्यातच घ्यावी, आणि पावतीपुस्तक, वही व फोटो पहिल्या पावसाआधी काठावरून हलवून विश्रामबागेच्या बाजूला एखाद्या सभासदाच्या वरच्या मजल्यावर ठेवावेत.